सुलतानाच्या अटी

आमच्या महिला मंडळातल्या निम्म्या बायका हल्ली दुपारी तुर्की मालिका बघतात. हिंदीत डब केलेल्या असतात, त्यामुळे भाषेची अडचण नाही. सासू-सुना, जावा-नणंदा, मोठा वाडा, बॉस्फरसचं निळं पाणी, आणि पातेलंभर चहा. गेल्या महिन्यात मंडळात कुणीतरी म्हणालं, "या बायका अभिनय किती छान करतात गं! कुठं शिकल्या असतील?" मी तेव्हा गप्प बसले, पण घरी आल्यावर तो प्रश्न डोक्यात राहिला. या पोरींच्या आधी कोण होतं? त्यांच्यासाठी दार कुणी उघडलं? शोधत गेले तशी एक बाई समोर येत राहिली. तिचं नाव तुर्कान शोराय. तुर्कस्तानात तिला नुसतं 'सुलतान' म्हणतात.

तुर्कान हे नाव आपल्या इतिहासाला अगदीच परकं नाही. जुन्या तुर्की राजघराण्यांत राणीला तो किताब असे. दिल्लीच्या इल्तुतमिशची एक राणी शाह तुर्कान याच नावानं ओळखली जाते. म्हणजे या मुलीच्या नावातच राणीपण होतं. बाकी घरात राणीसारखं काही नव्हतं.

पण तिची गोष्ट सांगायची तर थोडं मागं जायला हवं.

उस्मानी राज्यात मुसलमान बाईनं रंगमंचावर उभं राहायचं नाही, असा दंडक होता. इस्तंबूलमध्ये नाटकं जोरात चालत, पण बायकांची कामं आर्मेनियन नाहीतर ग्रीक बायका करत. आपल्याकडं त्याच काळात पुरुष नऊवारी नेसून बायकांची कामं करत होते, तिकडं दुसऱ्या धर्माच्या बायका करत होत्या. रीत वेगळी, पण आपल्या घरातल्या बाईनं मंचावर जायचं नाही हा हट्ट दोन्हीकडं सारखाच. आपल्याकडं 1913 साली दादासाहेब फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई पडद्यावर आल्या. तिकडं 1920 साली अफिफे नावाची एक मुलगी कादिकॉय भागातल्या नाट्यगृहात उभी राहिली. आर्मेनियन नटी गावाला गेली म्हणून जागा रिकामी झाली होती, ती हिला मिळाली. तिनं जाले हे टोपणनाव घेतलं. पोलिस नाट्यगृहात धडकू लागले, पण ती मागच्या दारानं निसटून जायची आणि पुन्हा काम करायची. शेवटी तिला नाटकातून काढून टाकलं. डोकेदुखीवर मॉर्फिन घ्यायला लागली आणि त्याचंच व्यसन लागलं. 1941 साली, चाळिशीही न गाठता, ती इस्तंबूलच्या वेड्यांच्या इस्पितळात मेली. आज तुर्कस्तानात नाटकाची मानाची बक्षिसं तिच्या नावानं देतात. मेल्यावर बाईचा मान करायला सगळेच तयार असतात.

तिच्या त्या धाडसानंतर तीनच वर्षांत काळ पालटला. 1923 साली, म्हणजे तुर्कस्तान प्रजासत्ताक झालं त्याच वर्षी, 'आतेश्तेन गोम्लेक' हा चित्रपट आला. नावाचा अर्थ अग्नीचा अंगरखा. कादंबरी हालिदे एदिब या लेखिकेची होती आणि त्यात बेदिया मुवाह्हित व नेय्यिरे नेयिर या दोन तुर्की मुसलमान बायकांनी कामं केली. पडद्यावर आलेल्या त्या पहिल्याच. या हालिदे एदिबबाई 1935 साली आपल्या देशात येऊन गेल्या. दिल्लीच्या जामिया मिलियात त्यांनी व्याख्यानं दिली आणि परत गेल्यावर भारतावर एक पुस्तकही लिहिलं.

म्हणजे दार उघडलं होतं. पण उघड्या दारातून आत गेलेल्या बाईला आत कोणती वागणूक मिळते, ही गोष्ट निराळी. ती तुर्कानच्या आयुष्यात दिसते.

तुर्कान शोरायचा जन्म 28 जून 1945चा, इस्तंबूलचा. वडील रेल्वेत साधे नोकरदार. आई-वडिलांचं पटलं नाही, ते वेगळे झाले. आईच्या पदरात तीन मुली, त्यात तुर्कान थोरली. भाड्याचं घर, पैशाची ओढाताण. शेजारात एमेल यिल्दिझ नावाची एक तरुण नटी होती. तिच्याबरोबर तुर्कान एकदा शूटिंग बघायला गेली. तिथं दिग्दर्शकाची नजर तिच्यावर पडली. टपोरे काळे डोळे, लांब केस. 1960 साली पहिला सिनेमा आला तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. शाळा सुटली ती सुटलीच. घर तिच्या कमाईवर चालायला लागलं.

आपल्याला हे ऐकून हंसा वाडकर आठवल्याशिवाय राहत नाहीत. सावंतवाडीकडच्या घराण्यातली ती पोर, कोवळ्या वयात घरासाठी स्टुडिओत गेली. 'सांगत्ये ऐका' आपल्यापैकी अनेकींनी वाचलंय. थोरली मुलगी कमवायला लागली की घर तिच्यावर बसतं. मग तिला लेक म्हणतात, पण वागवतात कर्त्या पुरुषासारखं. कर्त्या पुरुषाचे अधिकार मात्र तिला कुणी देत नाही.

तुर्की सिनेमाचं गाव म्हणजे येशिलचाम. इस्तंबूलच्या बेयोलू भागातल्या एका गल्लीचं हे नाव, अर्थ हिरवा पाइन. निर्मात्यांच्या कचेऱ्या त्या गल्लीत होत्या, म्हणून सगळ्या धंद्यालाच ते नाव पडलं. तिथला कारभार समजून घेण्यासारखा आहे. निर्मात्याच्या खिशात पैसा नसायचा. पैसा असायचा अदाना, इझमीर, सामसुन अशा प्रांतांतल्या वितरकांकडं. ते आधी वचनचिठ्ठ्या लिहून द्यायचे आणि सांगायचे, अमुक नटी घ्या, तमुक नट घ्या, शेवटी रडवा, आमच्या भागात तेच चालतं. निर्माता त्या चिठ्ठ्या मोडून सिनेमा काढायचा. सगळं उधारीवर, म्हणून सगळं घाईत. दोन-तीन आठवड्यांत सिनेमा पुरा. 1972 साली तर वर्षात तीनशेच्या आसपास सिनेमे निघाले.

आणि हे बघायला कोण यायचं? बायका. तिकडं दुपारी खास बायकांचे खेळ असत, तिकीट स्वस्त. लेकरं काखेत, खायचं डब्यात, आणि हुंदके मोकळे. आमची आक्का सांगायची, बेळगावात लग्न होऊन आली तेव्हा दुपारच्या खेळाला आळीतल्या सातआठ जणी मिळून जायच्या. घरात रडायला जागा नसायची, थिएटरात अंधार असायचा. इस्तंबूलच्या बायकांचंही काही वेगळं नसावं. आपला राज कपूरचा 'आवारा' पन्नाशीच्या दशकात तिकडं तुफान चालला. पुढं 1964 साली त्यांनी त्यावरून स्वतःचा 'आवारे'ही काढला. म्हणजे आक्का आणि तिकडची एखादी फात्मा एकाच सिनेमाला रडल्या असतील.

या बायकांनी चौघींना डोक्यावर घेतलं. तुर्कान शोराय, हुल्या कोचयित, फिलिझ आकिन आणि फात्मा गिरिक. चार पानांचं क्लोव्हर म्हणायचे त्यांना. फात्मा गिरिक तर पुढं इस्तंबूलच्या शिशली भागाची महापौर झाली. पण सुलतान एकच.

एक गंमत सांगते. त्या काळी तिकडं शूटिंग करताना आवाज घेतच नसत. नंतर स्टुडिओत दुसरेच कलाकार आवाज द्यायचे. त्यामुळं तुर्कानच्या तोंडी अनेकदा आदालेत जिमजोझ या बाईंचा आवाज असे. या आदालेतबाई साध्या नव्हत. त्यांनी काफ्काची मिलेनाला लिहिलेली पत्रं तुर्कीत आणली, इस्तंबूलमध्ये चित्रांचं खाजगी दालन उघडलं. पडद्यावर चेहरा एकीचा, आवाज दुसरीचा, शब्द बहुतेक वेळा पुरुषाचे. स्वतःच्या शब्दात बोलायला तुर्कानला फार वर्षं लागली.

तिला नाव मिळालं ते 1962च्या 'आजि हायात'नं. अर्थ, कडू आयुष्य. दिग्दर्शक मेतिन एर्क्सान. ती नखं रंगवणारी गरीब मुलगी, तो जहाजाच्या कारखान्यात वेल्डिंग करणारा. लग्नासाठी दोघं भाड्याची खोली शोधत फिरतात, खिशाला परवडेल अशी एकही मिळत नाही. मग एक श्रीमंत पोरगा मध्ये येतो, आणि सगळं उद्ध्वस्त होतं. 1964 साली अंतालिया शहरात पहिला चित्रपट महोत्सव भरला. तिथलं बक्षीस म्हणजे सोनेरी संत्रं. पहिल्याच वर्षीचं उत्कृष्ट अभिनेत्रीचं संत्रं या सिनेमासाठी तुर्कानला मिळालं. वय एकोणीस.

दुसरं संत्रं 1968 साली, 'वेसिकाली यारिम'साठी. यात ती बारमध्ये गिऱ्हाइकांशेजारी बसणारी साबिहा. भाजीविक्या हलिल तिच्या प्रेमात पडतो. दोघं सुखात असतात. मग तिला कळतं की याला बायको आहे, लेकरं आहेत. ती त्याला दूर ढकलते. मुद्दाम वाईट वागते, म्हणजे तो परत घरी जाईल. दिग्दर्शक लुत्फी आकाद यांनी यात आरडाओरडा ठेवला नाही, छाती बडवून रडणं नाही. साबिहा एकदा दुरून त्याची बायको-मुलं बघते आणि निघून जाते. हा प्रसंग बघताना माझा पदर डोळ्याला गेला, खोटं कशाला सांगू?

आणि खरी गोष्ट अशी की तुर्कानच्या स्वतःच्या आयुष्यातही तेच चाललं होतं. रुच्हान आदली हे तिच्याहून वयानं खूप मोठे, विवाहित गृहस्थ. त्यांच्याबरोबर तिची जवळजवळ दोन दशकं गेली. लग्न झालं नाही. तिनं स्वतःच पुढं आत्मकथनात याविषयी लिहिलंय, म्हणून मीही लिहिते. सगळ्या देशाच्या बायका जिच्यासारखी वेणी घालत होत्या, तिला घरी स्वतःचं मूल नव्हतं, कपाळावर हक्काचं नाव नव्हतं. कुणाला तिचं चुकलं असं वाटेल. वाटू दे. मला मात्र त्या काळात तिनं दुसरीकडं काय मिळवलं ते सांगायचंय.

तिनं अटी घातल्या.

साठच्या दशकात, नाव पुरेसं मोठं झाल्यावर, तिनं निर्मात्यांना सांगितलं: माझ्याकडं यायचं तर या गोष्टी मान्य करून या. पटकथा आधी माझ्या हातात द्या, मी वाचणार, मग होकार. चुंबनाची दृश्यं करणार नाही, कपडे उतरवणार नाही. रविवारी काम करणार नाही. शूटिंग इस्तंबूलमध्येच. लोकांनी या अटींना नावच ठेवलं, 'शोरायचे कायदे'. वर्तमानपत्रांनी टर उडवली. निर्माते कुरकुरले. पण अदानाचा वितरक तिच्या नावाशिवाय चिठ्ठी लिहीना, त्यामुळं निमूटपणे ऐकावं लागलं.

या अटींवर टीका झाली, आजही होते. बाईनं पडद्यावर सोवळं राहावं हा पुरुषांचाच आग्रह तिनं कायदा करून पाळला, असं म्हणणाऱ्या आहेत. त्या म्हणण्यात तथ्य आहे. प्रेक्षकांना शुद्ध सुलतान हवी होती आणि ती तशी राहिली. पण मला त्यातली रविवारची आणि पटकथेची अट फार मोठी वाटते. पंधराव्या वर्षी जिला कुणी काही विचारलं नव्हतं, ती आता म्हणत होती की आधी मला वाचू द्या. आणि आठवड्यातला एक दिवस माझा. सत्तरीच्या दशकात टीव्ही घरोघर आला, थिएटरं ओस पडली, आणि येशिलचामनं स्वस्त, अंगप्रदर्शनाचे सिनेमे काढायला सुरुवात केली. अनेकींची फरपट झाली. तुर्कान त्यात ओढली गेली नाही. तिच्या अटी तेव्हा तिच्या कामी आल्या.

1972 साली तिनं पुढचं पाऊल टाकलं. 'दोनुश' नावाचा सिनेमा तिनं स्वतः दिग्दर्शित केला. अर्थ, परतणं. तेव्हा तुर्की पुरुष कामासाठी मोठ्या संख्येनं जर्मनीला जात होते. 1961 साली दोन देशांत तसा करारच झाला होता. मागं गावात राहिलेल्या बायकोचं काय, याचा हा सिनेमा. नायिका गुलजान निरक्षर. नवऱ्याचं पत्र येतं ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं. म्हणून ती अक्षरं शिकते. गोव्यातल्या, कोकणातल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. आखाताकडं, बोटीवर, आफ्रिकेत गेलेल्या नवऱ्यांची पत्रं किती जणींनी शेजारणीकडून वाचून घेतली असतील, आणि त्यातलं किती शेजारणीला कळू नये असं असेल! स्वतःचं पत्र स्वतः वाचणं ही साधी गोष्ट नव्हे. तुर्काननं पुढंही दिग्दर्शन केलं. 1981 साली यशार केमाल यांच्या कादंबरीवरचा सिनेमा तिनं केला.

मग आला तो सिनेमा, जो तुर्कस्तानात आजही पाठ आहे. 'सेल्वी बोयलुम आल याझ्मालिम', 1977 साली बनला. दिग्दर्शक आतिफ यिल्माझ. गोष्ट मुळात किरगिझ लेखक चिंगिज ऐतमातोव यांची. लाल रुमाल बांधणारी खेड्यातली आस्या, ट्रक चालवणारा देखणा इल्यास. दोघं पळून लग्न करतात, मुलगा होतो. इल्यास नोकरीत खचतो, दारूकडं वळतो, दुसऱ्या बाईकडं जातो. आस्या लेकराला घेऊन निघते. रस्त्यात तिला जेमशित भेटतो. अबोल, वयानं मोठा. तो निवारा देतो, पोराला आजारपणात सांभाळतो, बाप होतो. वर्षांनी इल्यास परत येतो. आस्याचं मन अजून त्याच्यावर आहे. आता ती कुणाकडं जाणार?

ती जेमशितकडं जाते. कारण पोरगं त्यालाच बाबा म्हणतं. आणि तिच्या मनात सरळ हिशेब आहे: ज्यानं कष्ट घेतले, माया त्याची. शेवटची काही मिनिटं ती फारसं बोलत नाही, तिचे विचार आपल्याला ऐकू येतात आणि डोळे इकडून तिकडं जातात. नायिकेनं मनातल्या राजकुमाराला सोडून भांडी घासणाऱ्या, ताप उतरेपर्यंत उशाशी बसणाऱ्या माणसाला निवडणं, हे किती सिनेमांत बघितलंय आपण? मंडळात मी ही गोष्ट सांगितली तर एक काकू म्हणाल्या, "बरोबरच आहे की! प्रेम काय, पंधरा दिवसांचं असतंय. पुढं पाणी कोण तापवतंय ते बघायचं." ऐतमातोवना हे ऐकायला आवडलं असतं.

1982 साली 'मिने' आला आणि तुर्काननं स्वतःचे कायदे स्वतःच मोडले. मिने ही लहान गावातल्या स्टेशनमास्तरची बायको. सुंदर आहे हाच तिचा गुन्हा. गावचे पुरुष तिला नजरेनं खातात, बायका तिलाच दोष देतात, नवऱ्याला ती माणूस वाटतच नाही. गावात एक लेखक येतो, तो तिच्याशी बोलतो. एवढंच, बोलतो. शेवटी गावानं नावं ठेवायची ती ठेवलीच आहेत म्हटल्यावर ती उघडपणे त्याच्याकडं जाते. या सिनेमात तुर्काननं पूर्वी नाकारलेली जवळिकीची दृश्यं केली. पण यावेळी ती निर्मात्यानं मागितली म्हणून नव्हती. गोष्टीतल्या बाईला स्वतःचं शरीर पहिल्यांदा स्वतःचं वाटतं, ते दाखवायला ती हवीच होती. अट घालणं जसं तिच्या हातात होतं, तसं ती मोडणंही तिच्याच हातात राहिलं.

त्या लेखकाचं काम करणारे जिहान उनाल, त्यांच्याशी तिनं 1983 साली लग्न केलं. चाळिशीच्या उंबरठ्यावर मुलगी झाली. तिचं नाव यामूर, म्हणजे पाऊस. लग्न 1987 साली मोडलं. त्याच वर्षी तिला तिसरं सोनेरी संत्रं मिळालं, आणि तेही ज्या सिनेमासाठी, त्यात तिनं उतरत्या काळातल्या एका सिनेनटीचंच काम केलं होतं. जुन्या सिनेमांतली तिची रूपं एका तरुण पोराच्या डोक्यात जिवंत असतात, आणि खरी बाई समोर उभी असते. चौथं संत्रं 1994 साली. दोनशेहून जास्त सिनेमे झाले. 2012 साली तिनं आपलं आत्मकथन लिहिलं, त्याचं नाव 'माझा सिनेमा आणि मी'. 2015 साली, सत्तरीच्या वयात, तिनं पुन्हा एक सिनेमा दिग्दर्शित केला.

अफिफेला पोलिसांपासून पळावं लागलं. चाळीसहून अधिक वर्षांनी तुर्काननं निर्मात्याला दारात उभं करून अटी सांगितल्या. मधल्या काळात काय बदललं असेल तर एवढंच की दुपारच्या खेळाला पदरमोड करून गेलेल्या हजारो बायकांचा पैसा तिच्या पाठीशी होता. त्या बायकांना कुणी विचारवंत म्हणणार नाही. पण त्यांच्या तिकिटांवर त्या अटी टिकल्या.

आता शेवटची एक घरातली गोष्ट. परवा माझी भाची नोकरीच्या मुलाखतीला गेली होती. तिथं तिनं स्पष्ट विचारलं, रविवारी बोलावणार का? बोलावणार असाल तर मला आधी सांगा. घरी येऊन तिनं हे सांगितलं तर सगळे हसले. "नोकरी मागायला गेलीस का द्यायला?" तिचा चेहरा उतरला. आक्का कोपऱ्यात शेंगा सोलत बसली होती. पंच्याऐंशीची आहे. ती म्हणाली, "हसताय काय? साठ वर्षं झाली स्वयंपाक करत्येय मी. एक रविवार कुणी दिला नाही मला. मागितलाच नाही, तर कोण देणार?"

कुणी काही बोललं नाही. मग भाचीच उठली, आक्काच्या पुढ्यातलं सूप ओढून घेतलं आणि शेंगा सोलायला बसली.